गोव्यात मुलीला बागेतले पक्षी-प्राणी कुठे दाखवता येतील, आणि त्यांना त्रास न देता कसे बघावेत?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून पणजीला बदली होऊन चार महिने झाले, मुलगी आठ वर्षांची आहे, दर रविवारी किनारा बघून ती कंटाळली आहे आणि अभयारण्यं रोज जाण्यासारखी जवळ नाहीत. घराजवळच्या सार्वजनिक बागांत काही बघायला मिळेल का, आणि आपल्या जाण्याने तिथल्या जीवांचं नुकसान होऊ नये म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग फार कमी लोक विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी फोंड्याला राहते, माहेर सत्तरी तालुक्यातलं. गेली अकरा वर्षं जवळजवळ रोज सकाळी आमच्या भागातल्या एकाच बागेत जाते. तुम्हालाही माझं पहिलं सांगणं हेच की एकच बाग धरा. दर रविवारी नवीन जागा शोधत फिरलात तर मुलीला सगळीकडे कावळे, कबुतरं आणि झोपाळाच दिसेल. महिनाभर एकाच बागेत, एकाच बाकावर, सकाळी साडेसहा ते साडेसात बसलात तर ती बाग तुम्हाला ओळखीची होईल. कुठल्या फांदीवर खंड्या बसतो, कुठल्या ढोलीतून दयाळ बाहेर येतो, हे मुलीला तुमच्याआधी कळेल. पणजीत कांपालची बाग आहे, चर्चजवळचं गार्सिया द ओर्ता यांच्या नावाचं उद्यान आहे. (इथल्या औषधी वनस्पतींवर 1563 मध्ये गोव्यातच ग्रंथ छापणारे ते वैद्य. मुलीला हेही सांगा.) घरापासून चालत जाता येईल ती बाग निवडा.

सुरुवात आवाजापासून करा. हिवाळा सरता सरता वड-उंबरावरून टुक्‌ टुक्‌ टुक्‌ असा एका लयीत ठोका ऐकू येतो, तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा. तो तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल. आवाज चारी बाजूंनी येतोय असं वाटतं आणि पक्षी काही दिसत नाही. उघड्या, वाळक्या शेंड्यांकडे बघायला सांगा, सापडेल. त्याचाच मोठा भाऊबंद कुटुर्गा दिवसभर कुटर्र कुटर्र करत असतो. एप्रिल-मे मध्ये कावळ्याच्या घरट्यावर लक्ष ठेवा. कोकिळेचं पिल्लू तोंड वासून ओरडतंय आणि कावळा त्याला भरवतोय, हे मुलीला एकदा दिसलं तर ती जन्मात विसरणार नाही.

पक्षी हाती लागले नाहीत तरी हिरमुसू नका, बुटक्या झाडांकडे वळा. कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं झाड बहुतेक बागांत असतं. त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काळं-पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसेल. जवळ जाऊन बघा, ते हलतं. ती मॉर्मन फुलपाखराची लहान अळी. शत्रूने घाण समजून सोडून द्यावं म्हणून ती तशी दिसते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि तिला धोका वाटला की डोक्यामागून दोन लाल शिंगांसारखा अवयव बाहेर काढते, त्याला उग्र वासही येतो. मुद्दाम डिवचू नका, नुसती फांदी हलली तरी कधी कधी ती शिंगं दिसतात. आंब्याच्या नाहीतर जांभळाच्या फांदीवर पानं जोडून केलेला गोळा दिसला तर ते हुमल्यांचं घर. या तांबड्या मुंग्या रांगेने पानाच्या कडा ओढून धरतात आणि आपल्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं शिवतात. हे शिवणकाम बघण्यात माझा भाचा अर्धा तास उभा होता, त्याच्या पायावर चार चढल्या तेव्हा कुठे हलला.

आणि घागऱ्यो. चवथीला तुमच्या शेजाऱ्यांकडे गणपतीवर माटोळी बांधलेली तुम्ही बघालच, रानातली फळं, फुलं, शेंगा टांगलेली लाकडी चौकट. त्यात माट्टीचे कातरे असतात (माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष), कांगले असतात, आणि या घागऱ्यो, वाळल्यावर खुळखुळ्यासारख्या वाजणाऱ्या शेंगा. हीच झुडपं बागेच्या कडेला उगवली की तण म्हणून उपटली जातात. पण त्यांच्या सुकत आलेल्या फांद्यांवर टायगर आणि क्रो जातीच्या फुलपाखरांचे नर झुंडीने येतात. त्या झुडपातलं एक रसायन शोषून त्यापासून ते मादीला ओढून घेणारा गंध तयार करतात. एका सुकल्या झुडपावर तीसेक निळे टायगर लटकलेले मी स्वतः मोजलेत.

आता नुकसानीबद्दल. लोकांना वाटतं की बागेतल्या जीवांना गलोल मारणारी पोरं त्रास देतात. तसा त्रास मी फार थोडा बघितला. जास्त नुकसान चांगल्या मनाने होतं, एक स्वच्छतेच्या हौसेने आणि दुसरं खाऊ घालण्याने.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या बागेत कोपऱ्यातल्या ओवळाखाली, म्हणजे बकुळीखाली, मला नवरंग दिसला. या झाडाखाली पातेरा, म्हणजे गळून वाळलेली पानं, चांगला वीतभर साचला होता. आधी नुसती खसखस ऐकू आली. मला वाटलं सापसुरळी असेल. मग दोन पानं उलटी झाली आणि त्यातून आखूड शेपटीचा, लांब पायांचा पक्षी टुणकन पुढे आला. पाठ हिरवी, पोट फिकट बदामी, डोळ्यावर काळा पट्टा, खांद्यावर चमकता निळा, आणि शेपटीखाली शेंदूर फासल्यासारखा लाल. तो चोचीने एक पान उलटायचा, थांबायचा, मान तिरकी करायची, खालचा किडा उचलायचा आणि पुढच्या पानाकडे वळायचा. माझ्यापासून आठ-दहा पावलांवर. नवरंग पावसाळा सरला की दक्षिणेकडे निघतात, रात्री प्रवास करतात आणि दिवसा मिळेल त्या सावलीत उतरून पोट भरतात. आमच्या बागेतला तो कोपरा त्याला तीन दिवस पुरला.

चौथ्या दिवशी मी गेले तर ओवळाखाली जमीन लख्ख झाडलेली आणि कुंपणापाशी पातेऱ्याच्या ढिगाचा धूर. मला रडूच आलं. माळीकाकांना विचारलं तर ते बिचारे म्हणाले, "बाई, कचरा दिसला की तक्रार येते, मी काय करू?" त्यांचा दोष नव्हताच. सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा लोकांनाच सारवलेल्या अंगणासारखी बाग हवी असते.

त्या दिवशी मला माझी आजी आठवली. आमच्या गावाकडे देवाची राय, म्हणजे देवराई आहे. सत्तरीत अशा बऱ्याच राया आहेत, बांबरची निरंकाराची राय तर रानजायफळाच्या दलदलीसाठी अभ्यासक बघायला येतात. आजी आम्हाला रायीतून जाऊ द्यायची, पण वाळकी काटकीसुद्धा उचलायला मनाई होती. पडलेलं पान देवाचं, ते तिथेच राहायचं. लहानपणी ती भीती होती. आज कळतं की रायीतली माती भर उन्हाळ्यातही ओलसर का राहते आणि गावात कुठेच न दिसणारे बेडूक, गोगलगाई, पक्षी तिथे का असतात. पातेरा झाकून ठेवतो म्हणून माती ओली, माती ओली म्हणून किडे, किडे म्हणून नवरंग.

म्हणून आम्ही चार-पाच जणींनी बागेच्या देखरेखीच्या लोकांकडे अर्ज दिला: सगळी बाग झाडा, पायवाटा लख्ख ठेवा, फक्त ओवळाकडचा कोपरा सोडा. तिथला पातेरा तसाच राहू द्या, बाकी बागेतलाही जाळू नका, माडांच्या आळ्यांत टाका. तसं आपल्याकडे पूर्वापार करतातच, त्यामुळे पटवायला सोपं गेलं. एक अडचण आली, लोकांनी त्या कोपऱ्यात पिशव्या आणि बाटल्या टाकायला सुरुवात केली. मग आम्ही आळीपाळीने प्लास्टिक वेचतो, पानांना हात लावत नाही. तिथे हल्ली कस्तूर नियमित येतो, सापसुरळ्या आहेत, पहिल्या पावसानंतर बेडकं. नवरंग एकदाच परत दिसला, तोही घाईत. तुमच्या बागेत असा एक कोपरा सुचवून बघा. लेखी द्या, आणि अर्जावर पाच सह्या असू द्या.

वाळक्या फांद्यांचंही तेच. रस्त्यावर किंवा बाकावर पडेल अशी फांदी काढावीच लागते. पण आतल्या बाजूची धोका नसलेली वाळकी फांदी राहू दिली तर तांबट तिच्यात पोखरून घर करतो, पुढे ते भोक दुसऱ्याही पक्ष्यांना उपयोगी पडतं. अख्खं झाड तोडताना दिसलं तर परवाना विचारायला घाबरू नका. गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं दिसलं तरी तक्रार करा. मुळांना पाणी आणि हवा मिळाली नाही की झाड आतून अशक्त होतं आणि पावसाळ्यातल्या वाऱ्यात तेच आधी पडतं.

खाऊ घालण्याबद्दल मी कडक आहे. माकडांना, ज्यांना आम्ही खेती म्हणतो, बिस्किटं देऊ नका. मुलीने हट्ट केला तरी नाही. एकदा माणसाच्या हातात खाणं असतं हे त्यांना कळलं की ती पिशवी ओढतात, मग चावतात, मग लोक पिंजरे लावा म्हणून मागणी करतात आणि शिक्षा त्या जनावराला होते. तळ्यातल्या माशांना पाव नको, तो कुजून पाणी खराब करतो. बागेत मांजरांना दूध ठेवणाऱ्या एका बाईंशी माझं बोलणं झालं. त्यांची माया खरी आहे, पण त्या कोपऱ्यात जमिनीवर उतरणारा दयाळ मला आता दिसत नाही. पक्ष्यांसाठी काही ठेवायचंच असेल तर उन्हाळ्यात उथळ मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला, नाहीतर डास होतात.

बाकीचं थोडक्यात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर आला, आणि पिल्लांना भरवायचं सोडून तो भांडायला येतो. घरट्याचा फोटो फ्लॅश मारून काढू नका, पिंगळ्याची ढोली कुठे आहे ते ग्रुपवर टाकू नका. खाली पडलेल्या पिल्लाला पिसं फुटलेली असतील तर बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच असतात. रस्त्यात असेल तर उचलून झुडपात ठेवा (माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा गैरसमज आहे) आणि लांब व्हा. साप दिसला तर मुलीचा हात धरून मागे या, त्याला वाट द्या. बागेत दिसतो तो बऱ्याचदा धामण असतो, उंदीर खाणारा, बिनविषारी. तरी ओळखायच्या फंदात न पडता वन खात्याला नाहीतर जवळच्या सर्पमित्राला फोन करा. आणि कुणाच्या घरी पिंजऱ्यात पोपट दिसला तर मुलीला सांगा की 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते चालत नाही.

मुलीला एक वही द्या. तारीख, वेळ, काय दिसलं, काय करत होतं. नाव माहीत नसेल तर चित्र काढू दे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या आणि बागेतल्या पक्ष्यांची गणना होते, पंधरा मिनिटं मोजून यादी पाठवायची असते. त्यात आठ वर्षांच्या मुलीची यादीही चालते.

महिन्यातून एखाद्या रविवारी मात्र लांब जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करमळीचं तळं बघा, अडई बदकं, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या काठावरून दिसतात. कुडचड्याच्या बाजूला नंदा तळं आहे, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेलं गोव्यातलं पहिलं. बोंडला अभयारण्य आठ चौरस किलोमीटरचं, मुलांना झेपण्यासारखं. तिथल्या झाडीत नशीब असेल तर गोव्याचा राज्यपक्षी दिसेल, पिवळा बुलबुल, काळं डोकं आणि लाल गळा.

पण तुम्ही पणजीत आहात, तेव्हा सगळ्यात आधी चोडण. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलात की डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. बोटीतच मुलीला पुढे उभी करा, मांडवीवर तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार हमखास घिरट्या घालत असते. जाण्याआधी ओहोटीची वेळ बघा. भरतीला खारफुटीत होडी आत जाते, पण मुलीसाठी ओहोटी बरी, कारण तेव्हा चिखल उघडा पडतो. पायवाटेवर दहा मिनिटं काही न बोलता उभे राहा. पावलांच्या हादऱ्याने बिळात गेलेले खेकडे एकेक करून वर येतील, नर आपला एकच मोठा नांगा वरखाली हलवत मादीला बोलावतील, आणि निवट्या चिखलावरून पाण्याबाहेर उड्या मारत जातील. मासा जमिनीवर चालतो हे मुलीने वहीत लिहिलं की मला कळवा.