तारा बदलला की यंत्र?

अमळनेर

चि. बापू,
अनेक आशीर्वाद.

ॲस्ट्रोसॅट या आपल्या अंतराळ दुर्बिणीच्या उपकरणांच्या प्रकृतीवर प्रकल्प करतोस म्हटल्यावर विद्यापीठातली पोरं हसली म्हणे, "कृष्णविवर सोडून व्होल्टेज काय बघत बसतो भो?" हसू दे. कृष्णविवरावर पेपर लिहिणाऱ्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं की, यंत्र मागच्या वर्षी मोजत होतं तसंच आजही मोजतंय.

28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून गेलेली ही दुर्बीण साधारण 650 किलोमीटरवर फिरते. हबलला अंतराळवीर पाचदा जाऊन दुरुस्त करून आले; ती चैन आपल्याला नाही. हाती येतात ते आकडे: तापमान, विद्युतदाब, मोजलेले फोटॉन.

भुसावळला गाडी थांबली की हातोडीनं चाकं ठोकत जाणारा माणूस असायचा, वडिलांना विचार. चांगल्या चाकाचा आवाज त्याच्या कानात पक्का बसलेला, म्हणून बिघडलेला ओळखू यायचा. ॲस्ट्रोसॅटवरच्या एसएक्सटी या कमी ऊर्जेचे क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणात ही सोय लोह-55 या किरणोत्सारी लोहानं केली आहे. सीसीडीच्या, म्हणजे किरण टिपणाऱ्या चिपच्या, चारही कोपऱ्यांवर त्याचे किरण पडत असतात आणि 5.9 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट या ठरलेल्या ऊर्जेची रेषा दिसते. म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न आपण यंत्राला सतत विचारतो.

नवखे इथेच फसतात. वर्षागणिक त्या कोपऱ्यांतले फोटॉन कमी होतात आणि 'सीसीडी आंधळा होतोय' अशी हाकाटी सुरू होते. अरे, लोह-55 चं अर्धायुष्यच सुमारे 2.7 वर्षं, आठ वर्षांत जेमतेम आठवा हिस्सा उरणार. संख्या त्या हिशोबानं घटली तर तो स्रोताचा धर्म. रेषेची जागा सरकली किंवा ती रुंदावली, तर यंत्राकडे वळ.

ॲस्ट्रोसॅटवरच्याच लॅक्सपीसी या क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणाचं प्रकरण मला जास्त आवडतं. झेनॉन वायूवर चालणारे तीन शोधक, त्यातल्या लॅक्सपीसी-30 मधून वायू गळत होता. वायू कमी झाला की संकेतही दुबळे होतील असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. घनता उतरली की इलेक्ट्रॉनांना दोन टकरींच्या मध्ये जास्त पळायला मिळतं, ते जोर धरतात आणि त्याच व्होल्टेजला संकेत मोठा येतो. म्हणून व्होल्टेज उतरवावं लागलं. 2018 मध्ये तो शोधक बंद झाला. पण आधीची निरीक्षणं वाया गेली नाहीत, कारण घनता कशी उतरत गेली याचा हिशोब ठेवलेला होता. एखादा आकडा मर्यादेबाहेर जाऊन लाल झाला तर बेंगळुरूच्या नियंत्रण कक्षातली माणसं धावतीलच. तुझं लक्ष हिरव्यातल्या हिरव्यात सरकणाऱ्या आकड्यांवर हवं.

आता तुझा खरा प्रश्न: बदललं काय, तारा की यंत्र? क्ष-किरणांच्या जगात क्रॅब तेजोमेघ इतका स्थिर मानला जायचा, की दुसऱ्यांची तेजस्विता 'इतके मिलिक्रॅब', म्हणजे क्रॅबचे इतके हजारांश, अशी सांगतात. 2008 नंतरच्या दोन वर्षांत फर्मी उपग्रहावरच्या जीबीएम या शोधकाला तो सुमारे 7 टक्के मंदावलेला दिसला. असं दिसलं की पहिला संशय आपल्याच यंत्रावर घ्यायचा. मग स्विफ्ट, आरएक्सटीई, इंटिग्रल या दुसऱ्या उपग्रहांच्या नोंदी जुळवल्या. वेगळ्या बनावटीच्या, वेगळ्या कक्षांतल्या शोधकांत तीच उतरण निघाली. सगळी यंत्रं एकाच वेळी, एकाच मापानं कशी बिघडतील? 2011 मध्ये प्रसिद्ध झालं, बदलला होता तो क्रॅबच. ज्याच्यावर यंत्रं तपासायची तोच हलला! मला यात भीतीपेक्षा मजाच जास्त वाटते.

तू लॅक्सपीसी-20 पासून सुरुवात कर. इस्रोच्या संग्रहात जुन्या निरीक्षणांच्या फायली खुल्या आहेत. मोठ्या असतात, तेव्हा वीज असेल त्या रात्री उतरवून घे. क्रॅबची जेवढी निरीक्षणं सापडतील तेवढी तारखेनं लाव. मे-जूनच्या आसपास खाडे दिसतील. आपल्याकडे डांबर वितळायला लागतं त्या सुमाराला सूर्य क्रॅबच्या बाजूला असतो आणि दुर्बीण तिकडे वळवत नाहीत. तो बिघाड नव्हे. दक्षिण अटलांटिकवरून जाताना भारित कण वाढतात, तेव्हा शोधकांचं उच्च व्होल्टेज उतरवतात. तेवढे तुकडे वगळ, आणि प्रत्येक वगळणुकीपुढे कारण लिही. सरासरीची रेघ लगेच ओढू नकोस. हल्ली संगणक ती न विचारताच ओढून देतो आणि पोरं ठिपक्यांकडे बघतच नाहीत, याचा मला राग येतो.

मला आधी वगळलेल्या नोंदींची यादी पाठव, आलेख मागाहून. केळीचे घड कापणं चालू असेल तर आठवडाभर उशीर चालेल. अप्पांना नमस्कार सांग.

तुझे
सर