दंडातली चिप आणि कार्डावरची खाडाखोड

लसीच्या नोंदीबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रांत चिपची भीती जास्त आहे. घोळ मात्र बहुतेक वेळा कार्ड, मोबाइल नंबर आणि तारखांच्या रकान्यात होतो, म्हणून उत्तरंही तिकडेच वळली आहेत.

आमच्याकडे गाई-म्हशींना लस देताना कानात पिवळा बिल्ला मारला. आता लेकरांची लसही ऑनलाइन चढवतात. गावात म्हणतात, जनावराला कानात अन् माणसाला दंडात. सुईतून चिप सोडतात. खरं काय?
— एक वाचक, भूम

आधी बिल्ल्याचं बघू. तो प्लास्टिकचा आहे आणि त्यावर १२ अंकी क्रमांक व बारकोड छापलेला आहे. आत काहीच नाही. म्हैस चुकली तर बिल्ला तिचा ठावठिकाणा सांगत नाही. कुणीतरी तो क्रमांक वाचून पोर्टलवर टाकला, तर मालक कोण आणि लाळ-खुरकुताची लस कधी दिली, एवढंच दिसतं.

कातडीखाली बसवायची खरी चिप असते, ती पाळीव कुत्र्यांना लावतात. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड. तिची सुईही तशीच, दाभणासारखी. लेकराला पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, देतात ती ०.५ मिलीची, एकदाच वापरता येणारी एडी सिरिंज. तिच्या सुईचं भोक मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढं. त्यातून ती नळी जायची नाही. शिवाय कुत्र्याच्या चिपलाही बॅटरी नसते. वाचायचं यंत्र अंगाला जवळजवळ टेकवल्यावर तिच्यातून फक्त एक नंबर मिळतो. माणूस कुठे आहे हे दूरवरून कळायचं तर बॅटरी लागते, अँटेना लागतो. आपला मोबाइल रोज चार्जिंगला लावावा लागतो तो याचसाठी.

आणखी एक गोष्ट सत्राच्या ठिकाणी डोळ्यांनी बघता येते. पेंटाची १० डोसांची एकच कुपी दहा लेकरांत वाटली जाते. प्रत्येकाचा वेगळा नंबर त्या एका कुपीतल्या कोणत्या थेंबात असणार?

अफवेला मूळ मात्र आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारीक सुयांच्या पट्टीतून लसीबरोबर कातडीखाली अदृश्य ठिपके सोडायचे आणि फेरफार केलेल्या मोबाइल कॅमेऱ्याने ते वाचायचे. कागद हरवला तरी कोणती लस झाली ते कळावं, हा हेतू. प्रयोग उंदरांवर झाला आणि पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. पुढे मार्च २०२० मध्ये बिल गेट्स यांनी डिजिटल प्रमाणपत्राचा उल्लेख केला आणि लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र शिवल्या. ते ठिपके नाव सांगत नाहीत, जागाही सांगत नाहीत. आपल्या लसीकरणात ती पट्टी वापरलेलीच नाही.

अंगावर नोंद ठेवायची कल्पना तशी जुनीच. आजीच्या दंडावरची देवी टोचल्याची खूण ही नोंदच होती. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, आजही सगळीकडे डाव्याच दंडावर देतात, म्हणजे पुढे तपासणाऱ्याला खूण कुठे शोधायची ते ठाऊक असतं.

कोविडच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर साध्या ॲपने स्कॅन केला तर काहीतरी अगम्य अक्षरं येतात. सुरुवातीला "पीके" असतं. हा गुप्त कोड आहे का?
— एक वाचक, परभणी

ते "पीके" म्हणजे झिप फाइलची खूण. कोणतीही झिप फाइल कच्ची उघडली की पहिली दोन अक्षरं हीच दिसतात. कोविनने, म्हणजे कोविड लसीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीने, प्रमाणपत्राची माहिती दाबून लहान केली आणि क्यूआरमध्ये भरली. साध्या स्कॅनरला ती उलगडता येत नाही, म्हणून तो कचरा दाखवतो. आत असतं ते कागदावर छापलेलंच: नाव, वय, लस, तारखा. त्याशिवाय एक डिजिटल सही असते. कुणी नाव किंवा तारीख बदलली की सही जुळत नाही आणि कोविनच्या पडताळणी पानावर प्रमाणपत्र नापास होतं. सही जुळली याचा अर्थ एवढाच, की नोंद कोविननेच दिलेली आहे. टेबलावर बसलेल्याने मुळातच चुकीची नोंद केली असेल, तर सही त्या चुकीवरही तितकीच पक्की बसते. हा फरक लक्षात ठेवा. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

बाळाला साडेतीन महिन्यांचे डोस द्यायचे होते, पण ताप होता म्हणून नेलं नाही. तरी मोबाइलवर डोस झाल्याचा मेसेज आला. दवाखान्यात विचारलं तर "होतं कधी कधी" म्हणाले. आता विश्वास कसा ठेवायचा?
— एक आई, घनसावंगी तालुका

तुमचा राग रास्त आहे आणि "होतं कधी कधी" हे उत्तर होत नाही. पण हे कसं होतं ते समजून घ्या. सत्राला निघताना सिस्टरकडे ड्यू लिस्ट असते, म्हणजे त्या दिवशी कुणाचा कोणता डोस आहे त्याची यादी. गावात रेंज नसली की नोंद संध्याकाळी उपकेंद्रात बसून यादीवरून होते. न आलेलं एक नाव तिथे आलेल्यांत जातं. दुसरं कारण मोबाइल नंबर. एकाच नंबरावर जावेचं लेकरू, नणंदेचं लेकरू. त्यात नाव ठेवायच्या आधीची नोंद आईच्या नावाने. चढवताना ओळ चुकते.

आता काय करायचं? माता-बाल संरक्षण कार्ड काढा. साडेतीन महिन्यांच्या रकान्यात पेंटा, पोलिओ (थेंब), रोटा (जुलाबाची), एफआयपीव्ही (पोलिओची सुई) आणि पीसीव्ही (न्यूमोनियाची) यांपुढे तारीख आहे का बघा. तारीख नसेल तर डोस झालेला नाही, मेसेज काहीही म्हणो. कार्डाचा आणि मेसेजचा फोटो काढून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहा: बाळाचं आणि आईचं नाव, नोंदवलेला मोबाइल नंबर, मेसेजची तारीख, "या दिवशी डोस दिलेला नाही, नोंद दुरुस्त करावी". दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या ध्यानात राहत नाही. सिस्टरलाही दाखवा, कारण कार्डाचा फाडून घेतलेला भाग उपकेंद्रात महिन्याच्या कप्प्यांच्या पिशवीत असतो आणि तो कोरा असला तर तुमचं म्हणणं तिथेच सिद्ध होतं.

दुरुस्ती होईपर्यंत डोस मात्र अडवू नका. पुढच्या सत्राला जाऊन राहिलेले डोस घ्या आणि तारीख स्वतःसमोर लिहून घ्या. ऑनलाइन "झालं" दिसतं म्हणून सिस्टरने परत पाठवलं, तर अर्जाची पोच दाखवा. लेखी पुरावा नसेल तर डोस झालाच नाही असं धरून तो देणं, हीच रीत आहे.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, चैत्रात परततो. कार्ड कोपीत भिजलं. आता ऑनलाइन आहे तर कार्ड कशाला?
— एक वाचक, धारूर

कारण फडावर रेंज असेलच असं नाही आणि दर हंगामाला सिम बदलतं. यू-विनवर, म्हणजे लेकरांच्या लसींच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंद असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातही ती सापडते, पण सापडते ती नोंदवलेल्या मोबाइल नंबराने. तो नंबर बंद पडला असेल तर निघण्याआधी आशाताईकडून नवा चढवून घ्या. भिजलेलं कार्ड टाकू नका. त्यावरून आणि उपकेंद्रातल्या प्रतीवरून दुसरं भरून मिळतं. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मुकादमाच्या नव्हे, घरातल्या दोन फोनवर ठेवा. नऊ महिन्यांचा एमआरचा (गोवर-रुबेलाचा) डोस हंगामात येत असेल, तर तो चुकू देऊ नका.

म्हणजे घाबरायचं काही कारणच नाही, असं तुमचं म्हणणं?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

असं कुठे म्हटलं? तुमच्याच जिल्ह्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये लसीचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय रेशन, पेट्रोल, गॅस नाही, असा आदेश निघाला होता. नोंदीचा असा वापर झाला की लोक नोंदीलाच दावं समजणार. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कुणावरही लसीची सक्ती करता येत नाही. जून २०२३ मध्ये एका टेलिग्राम बॉटवर मोबाइल नंबर टाकला की कोविनमध्ये दिलेली माहिती बाहेर येत होती. मंत्रालयाने आधी बातमी निराधार म्हटली, नंतर त्याच प्रकरणात अटक झाली. कोविडच्या लसीसाठी आधार दिलेल्या अनेकांचा १४ अंकी आरोग्य क्रमांकही न विचारता तयार झाला. तो, म्हणजे आभा, ऐच्छिक आहे. नको असेल तर आभाच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बंद करता येतो.

या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या मांडायला चिपची गरज नाही. उलट चिपची गोष्ट पुढे केली की अधिकारी हसून मोकळा होतो आणि खरी तक्रार बाजूला पडते. नोंद पूर्ण असण्यात फायदाही तुमचाच आहे. डोसनंतर लेकराला गंभीर त्रास झाला, तर कोणत्या बॅचची कुपी होती ते नोंदीवरूनच शोधतात आणि तीच बॅच मिळालेली बाकीची लेकरं तपासता येतात. म्हणून डोसनंतरचा अर्धा तास थांबलेले असताना सिस्टरला बॅच नंबर विचारा आणि कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आरोग्य केंद्रात लसीच्या फ्रीजला सिमकार्ड असलेली डबी आहे. कशासाठी?
— एक विद्यार्थी, औंढा नागनाथ

ती तापमान मोजते. फ्रीजचं तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं की फ्रीज सांभाळणाऱ्याला मेसेज जातो. माणसांची कोणतीही माहिती तिच्यात नसते.

पोलिओवाले दारावर खडूने "पी" किंवा "एक्स" लिहून जातात. कुणाच्या घरावर काय, यावरून गल्लीत कुजबुज चालते.
— एक वाचक, नांदेड

"पी" म्हणजे घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या लेकरांना डोस मिळाला. "एक्स" म्हणजे एखादं लेकरू राहिलं: झोपलेलं होतं, मामाकडे गेलं होतं किंवा दाराला कुलूप होतं. सोबत तारीख आणि टीमचा नंबर असतो. बाण टीम पुढे कुठल्या बाजूला गेली ते दाखवतो. "एक्स"च्या घरी टीम पुन्हा येते. दार सारवताना खूण पुसली गेली तर लेकराच्या डाव्या करंगळीवरची शाई दाखवा.