एक्स-रे नॉर्मल आहे, तरी डॉक्टर ब्रॉन्कोस्कोपी का सांगताहेत?

तुम्ही लिहिलंय की सव्वा वर्षाच्या मुलाला पोहे खाताना जोरात ठसका लागला, तेव्हापासून खोकला आणि छातीत घरघर आहे, एक्स-रे मात्र नॉर्मल. मी पुण्यात लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. उपचार डॉक्टरच ठरवतील, पण फिल्म नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका, हे कळकळीने सांगते.

पोह्यांतला शेंगदाणा श्वासनळीत अडकला असेल, तरी तो एक्स-रेत सहसा दिसतच नाही. नाणं, पिन, बटन सेल पांढरे उठून दिसतात, कारण धातू किरण अडवतो. म्हणून आम्ही दाणा नाही, त्याने कोंडलेली हवा शोधतो. श्वास घेताना नळी जराशी रुंदावते, हवा दाण्याच्या कडेने आत शिरते; सोडताना नळी आवळते आणि हवा आतच राहते. मग ते फुफ्फुस फुगलेलं, जास्त काळं दिसतं, पण श्वास सोडतानाच्या फिल्ममध्ये. श्वास आत असताना दोन्ही बाजू सारख्याच दिसू शकतात.

मोठ्या माणसाला "श्वास सोडा, तसाच धरा" म्हणता येतं. बाळाला काय सांगणार? आई लेड अ‍ॅप्रन घालून त्याचे हात डोक्याशी धरते, मी बटणावर बोट ठेवून त्याच्या पोटाकडे बघत उभी असते. पोट खाली गेलं की एक्सपोजर. बाळ रडत, वळवळत असलं की तो क्षण हुकतो. मग कधी कुशीवर निजवून फिल्म काढतो. खालचं फुफ्फुस अंगाच्या भाराने दबायला हवं. दबलं नाही, तर हवा तिथे अडकलीय.

सीटीत जास्त कळतं, पण रेडिएशनही जास्त, म्हणून ते सरसकट करत नाहीत. ब्रॉन्कोस्कोपीत भूल देऊन दुर्बीण श्वासनळीत घालतात. दाणा दिसला तर तिथेच काढता येतो. ठसक्याची हकीकत तुमच्यासारखी स्पष्ट असली की फिल्म काहीही म्हणो, डॉक्टर हाच रस्ता धरतात, आणि मला तो बरोबर वाटतो. दाणा आत राहिला तर फुगतो, त्याच्या तेलाने नळीला सूज येते, पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. (घरात लहान मूल असेल तर पोह्यांत, खिचडीत अख्खे दाणे नकोच, कूट घाला.)

धाप लागली, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टीत जा. जाताना शेवटचं दूध किंवा खाणं किती वाजता झालं ते लक्षात ठेवा. भूलतज्ज्ञ आधी तेच विचारतील.