टीम हरतेय, मग प्लेअर ठेवायचे का?

प्रश्न: आम्ही कॉलेज रोडची पोरं फँटसी प्रीमियर लीग (इंग्लिश फुटबॉल लीगचे खरे प्लेअर आपल्या टीमला घेऊन त्यांच्या खेळावर पॉइंट मिळवायचा ऑनलाइन गेम) खेळतो, मी मँचेस्टर युनायटेडवाला. २०२४-२५ ला टीम १५व्या नंबरवर गेली. अशा टीमचे प्लेअर घ्यावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: घ्या ना, पण एका क्लबचे जास्तीत जास्त तिघं घेता येतात म्हणून तो कोटा भरायलाच पाहिजे असं काही नाही. मिडफिल्डर ब्रुनो फर्नांडिस ठेवाच, कारण पेनल्टी, कॉर्नर, फ्री किक बहुतेक तोच मारतो, त्यामुळे टीम हरली तरी त्याला पॉइंट मिळायचा चान्स असतो, आणि मिडफिल्डरच्या गोलला ५ पॉइंट आहेत. डिफेन्सवर मात्र पैसे घालू नका, त्या सीझनला ५४ गोल खाल्ले राव, आणि एका मॅचला खाल्लेल्या दर दोन गोलमागे डिफेंडरचा एक पॉइंट जातो. प्रेम मॅच बघताना करा.