ट्रॅकसाठी वेगळी चाकं घेताना

भाऊ, वर्षातून एखाद-दोनदा गाडी रेसिंग ट्रॅकवर पळवायला जायचं असेल तर सेमी-स्लिकच्या, म्हणजे जेमतेम नक्षी असलेल्या ट्रॅकच्या टायरांच्या, नादी सध्या लागू नको. नागपूरहून ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट काय नि चेन्नईचा ट्रॅक काय, हजारेक किलोमीटर. त्याच टायरांवर गेलास आणि वाटेत पाऊस लागला, तर ते पाण्यावर तरंगतात. ट्रेडवेअर, म्हणजे टायरवर छापलेला झिजेचा आकडा, २००च्या आसपास असलेला रस्त्यावर चालणारा टायर बघ.

रिम मूळ मापाचीच घे. इंचभर मोठी दिसायला झकास, पण वजन वाढतं आणि टायरही महाग पडतो. सेकंडहँड घेताना पीसीडी (बोल्टची संख्या × त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) आधी जुळव: स्विफ्टला ४×१००, पोलोला ५×१००. ऑफसेटही तपास, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते. सेंटर बोर, म्हणजे रिमचं मधलं भोक, मोठं असेल तर फट भरायला हब रिंग लागेल, तीही अ‍ॅल्युमिनियमची; प्लॅस्टिकची ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडते. रिम बॅलन्सिंग मशिनवर फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको, दुकानदार कितीही गोड बोलो.

टायरवरचा चार आकडी कोड वाच. २३२४ म्हणजे २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुना टायर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेला असतो.

ट्रॅकवर हवा तापून वाढते. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायची जागा) आल्याआल्या, टायर गरम असतानाच मोज आणि जास्तीची काढ. परतीला निघण्याआधी पुन्हा भर, हे बरेच जण विसरतात.

आणि उरलेल्या दिवसांत चाकं गच्चीवरच्या टिनाखाली ठेवू नको. आपला मे महिना रबराचं वाटोळं करतो. काळ्या पिशवीत गुंडाळून अंधाऱ्या खोलीत ठेव, ड्रिलसारख्या ब्रशवाल्या मोटारीपासून लांब. तिच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन रबराला चिरा पाडतो.