वकिलाला खरं सांगू का?

प्रश्न: मी कराडजवळचा. भांडणात बायकोला थप्पड मारली, ती सांगलीला माहेरी गेली, पोलिसात तक्रार दिली. आता ठाण्यातून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची, म्हणजे अटक न करता पोलिसांपुढे हजर राहा अशी नोटीस आलीय. चुलते म्हणतात, वकिलाला थप्पडेचं बोलूच नको.

उत्तर: दादा, चुलत्यांचं ऐकू नका. वकिलाला सगळं सांगा, थप्पडसुद्धा, तुमचं त्यांच्याशी झालेलं बोलणं कायद्यानं गोपनीय असतं आणि तुम्ही लपवलेलं समोरचा वकील कोर्टात काढणारच, मग तुमचा वकील तोंडघशी पडतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे जुनं ४९८अ, नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी बायकोचा छळ करण्याबद्दल आहे, यात ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण सुप्रीम कोर्टानं २०१४ला अर्नेश कुमार केसमध्ये सांगितलंय की अशा गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, म्हणून तर ही नोटीस. तारखेला हजर राहा, चुकवली तर अटक होऊ शकते. अटकपूर्व जामिनाचं वकिलांना आजच विचारा.

व्हॉट्सअॅप मेसेज डिलीट करू नका, तुम्ही दिलेल्या शिव्या असल्या तरी. सासरी फोन नको, मध्यस्थ पाठवणं तर अजिबात नको. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिच्या बाजूनं कोर्टाचा संरक्षण आदेश निघाला आणि मोडलात तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हात उचललात ते चुकलंच, तिनं तक्रार केली म्हणून तिच्यावर राग धरू नका.