नळीतला गर्भ, एक इंजेक्शन आणि कापलेला पगार

प्रश्न : पुण्यात एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात मी पाच वर्षं आहे, ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू नाही. सप्टेंबर 2025 मध्ये गर्भ गर्भाशयात नसून बीजवाहिनी नळीत असल्याचं निदान झालं. ऑपरेशन टळलं, गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं आणि डॉक्टरांनी चार आठवडे विश्रांती लिहून दिली. एचआर म्हणतं, ‘हा गर्भपात नाही, ऑपरेशनही नाही, एका इंजेक्शनला महिनाभर रजा कसली?’ सगळे दिवस बिनपगारी धरले. आता ‘ही रजा मी स्वखुशीने बिनपगारी घेतली’ या पत्रावर सही मागताहेत.

उत्तर : ताई, त्या पत्रावर सही करू नका. बाकी सगळं नंतर.

एचआरचं म्हणणं संतापजनक असलं तरी अर्धं कायद्यातूनच आलेलं आहे. मातृत्व लाभ अधिनियम, 1961 च्या कलम 9 मध्ये गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. पण त्या कायद्यातली गर्भपाताची व्याख्या गर्भाशयातलं बाहेर पडण्यापुरती आहे. तुमचा गर्भ होता नळीत, आणि औषधाने तो तिथेच जिरला. औषधाने गर्भ संपवला म्हणून हा वैद्यकीय गर्भपातच, असा युक्तिवाद करता येईल. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

तुमचं खरं बळ कलम 10 मध्ये आहे. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारपणासाठी, मातृत्व लाभाच्याच दराने, एक महिन्यापर्यंत पगारी रजा. तुम्हाला हवेत चार आठवडे, म्हणजे मागणी त्यात पूर्ण बसते. कंपनीचा वकील म्हणेल, ही रजा कलम 6 (प्रसूती रजा) किंवा 9 च्या रजेला ‘जोडून’ आहे, एकटी मिळत नाही. त्यावर सांगायचं की ‘गरोदरपणातून आलेला आजार’ हे कारण कायद्याने प्रसूती आणि गर्भपात यांच्यापासून वेगळं मांडलंय. शिवाय असे कायदे स्त्रीच्या हिताच्या बाजूने वाचावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने बी. शाह खटल्यात (1977) आणि दीपिका सिंग खटल्यात (2022) सांगितलेलं आहे.

‘एक इंजेक्शन’ या शब्दांना उत्तर तुमच्या फाइलमध्येच आहे. इंजेक्शननंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्तातलं बीटा एचसीजी (गरोदरपणातलं संप्रेरक) तपासतात, पातळी पुरेशी उतरली नाही तर पुन्हा डोस देतात, उतरली तरी ती नगण्य होईपर्यंत दर आठवड्याला रक्त काढतात. या काळात नळी फुटून पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते; म्हणूनच जड उचलणं, दगदग बंद. ते रिपोर्ट तारखेने लावा. डॉक्टरांकडून नवं प्रमाणपत्र घ्या आणि त्यात ‘गरोदरपणातून उद्भवलेला आजार’ हे शब्द व विश्रांतीच्या दोन्ही तारखा मागून घ्या. नुसतं ‘विश्रांतीची गरज’ लिहिलेली चिठ्ठी एचआर बाजूला सारतं. कागद थेट एचआरकडे द्या. मॅनेजरला ते वाचायला देण्याची गरज नाही.

मग ईमेलने मागणी करा : कलम 10 प्रमाणे, पर्यायाने कलम 9 प्रमाणे, कापलेला पगार पंधरा दिवसांत द्यावा. ‘आमच्या पॉलिसीत नाही’ असं उत्तर आलं तर कलम 27 दाखवा. कायद्याशी विसंगत करार किंवा सेवाशर्ती टिकत नाहीत. तरीही दाद लागली नाही तर कलम 17 खाली निरीक्षकाकडे तक्रार करा. तो चौकशी करून रक्कम देण्याचा आदेश काढू शकतो. पुण्यात कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात विचारा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोचशिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ही तरतूद तिच्या कलम 65 मध्ये आली. तुमची रजा त्याआधीची, म्हणून अर्जात 1961 चाच कायदा लिहा. नव्या संहितेचा उल्लेख सोबत केलात तरी बिघडत नाही.